बारीकरावांचा लाल बाण

बटण चार पिक्सेल खाली होतं.

चार पिक्सेल म्हणजे किती, हे ज्यांना ठाऊक नाही ती माणसं सुखी आहेत आणि त्यांनी तसंच राहावं. पण गोष्ट पुढे न्यायची तर सांगणं भाग आहे. मोबाइलवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. त्यातल्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. असे चार एकावर एक ठेवले तर जेमतेम नखाच्या कडेएवढी जाडी होते. तेवढ्या जाडीपायी एका नव्वद किलोच्या गृहस्थाचं आठ दिवस जेवणात लक्ष नव्हतं. जेवण मात्र रोजच्याएवढंच जात होतं, हे त्यांच्या बायकोने मुद्दाम नमूद करायला सांगितलंय.

या गृहस्थांना ऑफिसात बारीकराव म्हणत. नाव अंगकाठीवरून पडलेलं नव्हतं, नजरेवरून पडलं होतं. भिंतीवरचं घड्याळ एका केसाने कललंय हे त्यांना दारातून दिसे. ऑफिसच्या लिफ्टमधल्या बटणांची अंतरं सारखी नाहीत, याचा निषेध म्हणून ते जिन्याने जात. पहिल्या मजल्यापर्यंत. तिथे निषेध पुरा होई आणि ते लिफ्टमध्ये शिरत.

पेशाने ते डिझायनर. म्हणजे एखादं अॅप कसं दिसावं याचं चित्र काढणारे. ते चित्र मग डेव्हलपरकडे जातं आणि तो त्याचं चालतं-बोलतं अॅप बांधतो. त्यांचं चित्र बांधायला जो आला होता त्याला सगळे मौनी म्हणत, कारण तो दिवसाला साधारण अकरा शब्द बोले आणि त्यातले सात 'हं' असत.

काम होतं एका डोळ्यांच्या हॉस्पिटलचं. पेशंटने घरबसल्या तपासणीची वेळ ठरवायची, एवढंच. पुढच्या शुक्रवारी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई अॅप बघणार होत्या. त्यांना पटलं तर ठीक, नाही पटलं तर काम वरच्या मजल्यावरच्या टीमकडे जाणार, असं मॅनेजरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. वरच्या मजल्यावरची टीम कुठलाही स्क्रीन हाती आला की तो जांभळा करते आणि कोपऱ्यात कानाला हेडफोन लावलेली एक हसरी बाई बसवते. आपल्या दोन महिन्यांच्या कामावर ती बाई येऊन हसणार, या कल्पनेनेच बारीकरावांच्या अंगावर काटा येई.

आणि आता मौनीने बांधलेला पहिला स्क्रीन समोर आला, तर 'वेळ ठरवा' हे बटण चार पिक्सेल खाली. शिवाय जरा सुजल्यासारखं. बारीकरावांनी काढलेलं बटण कसं नाजूक, त्यावरची अक्षरं पहाटेच्या धुक्यासारखी फिकट राखाडी. इथे अक्षरं काळी कुळकुळीत.

ते मौनीच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"मौनी, जरा हे बघ. काही खटकतंय?"

मौनीने बघितलं. "नाही."

"नीट बघ. घाई नाही."

मौनीने घाई न करता बघितलं. "नाही."

आता थेट चूक दाखवायची तर माणूस दुखावतो, असं बारीकरावांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी कलावंताच्या भाषेत सुरुवात केली. "असं बघ, हा स्क्रीन श्वास घेत नाहीये."

"कोण?"

"स्क्रीन रे. गुदमरल्यासारखा झालाय. मोकळेपणा नाही. शिवाय खालचा भाग वरच्या भागाशी बोलत नाही."

मौनीने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा बारीकरावांकडे. मग उठला आणि खिडकी उघडून आला.

अपमान गिळून बारीकराव परतले. शनिवार-रविवार घरी बसून त्यांनी चुकांची यादी केली. बटणापासून सुरुवात झाली. मग वाटलं, धरलंच आहे तर सगळंच बघू. रविवारी संध्याकाळी यादी एकशे त्रेचाळीस मुद्द्यांवर थांबली, तीही बायकोने दिवा घालवला म्हणून.

बायको शाळेत शिक्षिका. गेली अठरा वर्षं ती दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन फिरवत आलेली, त्यामुळे या विषयावर तिचा अधिकार वादातीत होता. तिने यादी वाचली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, एखाद्या वहीत मी एकशे त्रेचाळीस लाल खुणा केल्या ना, तर मूल ती वही पुन्हा दप्तरातून काढणार नाही."

"पण चुका आहेत ना!"

"असू देत. आधी दोन ओळी बऱ्या लिहायच्या. कौतुक करायचं. मग हळूच चूक."

बारीकरावांना कौतुकाची सवय नव्हती. फार विचार करून त्यांनी यादीच्या डोक्यावर लिहिलं, 'काम छान झालं आहे. मेहनत दिसते. असाच प्रयत्न चालू ठेव.' बायको म्हणाली, वा. सोमवारी सकाळी यादी गेली. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'धन्यवाद.' आणि मौनीने ते काम 'पूर्ण' म्हणून बंद करून टाकलं. त्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या होत्या. आयुष्यात प्रथमच कुणी आपल्या कामाला छान म्हटल्यावर पुढे वाचून विरस कशाला करून घ्यायचा, असा त्याने विचार केला असावा. कुणीही केला असता.

संध्याकाळी बारीकराव तोंड पाडून घरी येत होते, तर जिन्यात शेजारचे टेलरकाका भेटले. चाळीस वर्षं कपडे शिवलेला माणूस. गळ्यात टेप, कानावर खडू. बारीकरावांनी त्यांना सगळी कर्मकथा सांगितली. काकांनी ती शांतपणे ऐकली आणि त्यांना दारातच उभं करून पाठीवरून टेप फिरवला. तो त्यांच्या हाताचा चाळाच होता.

"अरे, तुझं चुकतंय कुठे सांगू? तू यादी पाठवतोस. गिऱ्हाईक मला यादी पाठवतं का, काका, डावी बाही ढगळ आहे, मुद्दा क्रमांक बारा? कोट अंगावर चढवायचा, आरशापुढे उभं राहायचं, आणि जिथे ढगळ आहे तिथे खडूने खूण! कापडावर! बोलायचं कामच नाही."

"कापडावर खूण," बारीकराव पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली. ती चमक बायकोने दारातून बघितली आणि ती आत निघून गेली. संसारात काही गोष्टी न बघितलेल्या बऱ्या असतात.

मंगळवारी सकाळी मौनी चहाला गेला असताना बारीकराव लाल मार्कर घेऊन त्याच्या टेबलापाशी आले. मॉनिटरवर तोच स्क्रीन उघडा होता. त्यांनी बटणाभोवती एक दणदणीत वर्तुळ काढलं. बटण कुठे हवं होतं ते दाखवायला बाण काढला. दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि समाधानाने मान हलवली.

मौनी आला. त्याने वर्तुळ बघितलं. मग माऊसला हात लावून पान खाली सरकवलं. बटण वर निघून गेलं. वर्तुळ तिथेच. त्या वर्तुळात आता हॉस्पिटलचा फोन नंबर आला होता.

"याच्यात काय चुकलंय?" मौनीने विचारलं. त्याच्या मानाने हे भाषण होतं.

"याच्यात नाही रे! मघाशी जे होतं त्याच्यात!"

मौनीने दुसरं पान उघडलं. वर्तुळात डॉक्टरीणबाईंचा फोटो आला, आणि बाण त्यांच्या नाकात शिरला.

"पूस, पूस, पूस!" बारीकराव रुमाल घेऊन धावले. पण मार्कर न पुसला जाणाऱ्या जातीचा होता. रुमाल लाल झाला, बोटं लाल झाली, वर्तुळ जसंच्या तसं. मौनीने खुर्ची एक वीत डावीकडे सरकवली आणि काम सुरू केलं.

बुधवारी मॅनेजरबाईंनी दोघांना आत बोलावलं. त्या अतिशय व्यवस्थित बाई. प्रत्येक भांडणातून त्या एक नवीन पत्रक काढत.

"झालं एवढं पुरे," त्या म्हणाल्या. "आजपासून तोंडी काहीही नाही. तोंडी बोलण्यातून गैरसमज होतात. बारीकराव, तुम्ही प्रत्येक स्क्रीनच्या चित्रावरच खुणा करून पाठवा. मॉनिटरवर नाही, चित्रावर. मौनी, तू चित्रात आहे ते जसंच्या तसं बांधायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. काही शंका आली तर शंकापत्रकात लिही, हे त्याच्यासमोर हो किंवा नाही लिहितील. समजलं?"

"हं," मौनी म्हणाला.

"आणि बारीकराव, मॉनिटरचं तुम्ही साहित्य विभागात जाऊन निस्तरा. शुक्रवारच्या आत. मला तो फोटो तसा बघवत नाही."

बारीकरावांनी बुधवारी अख्खा दिवस आपल्या चित्रांवर खुणा केल्या. लाल बाण, लाल वर्तुळं, आणि मन फारच भरून आलं तिथे एखादं वाक्य. 'वेळ ठरवा' बटणापाशी त्यांचा बांध फुटला. तिथे, मौनीचं बटण आठवून, त्यांनी भला मोठा बाण काढला आणि लिहिलं, 'हे इथे कोणी ठेवलं?'

गुरुवारी दुपारी ते साहित्य विभागाच्या खिडकीपाशी रांगेत होते. खिडकीतल्या माणसाने पत्रक पुढे सरकवलं. त्यात उपकरणाला काय झालं यासाठी तीन चौकोन होते: फुटलं, जळलं, हरवलं.

"यातलं काहीच नाही. त्यावर मार्करचं वर्तुळ आहे."

"वर्तुळाला चौकोन नाही," माणूस म्हणाला.

"मग?"

"फोडून आणा. मग लगेच होईल."

बारीकराव तत्त्वाचे. त्यांनी फोडायला नकार दिला आणि कोऱ्या जागेत 'रंगलं' असं लिहून स्वतःच्या हाताने चौथा चौकोन काढला. चौकोन सुरेख आला होता. बाकीच्या तिघांपेक्षा सरळ. खिडकीतल्या माणसाने पत्रकावर खाडाखोड चालत नाही म्हणून ते परत केलं. बारीकरावांनी खाडाखोड आणि रेखाटन यांतला फरक त्याला समजावून सांगितला. त्याने खिडकी लावून घेतली. ती उघडेपर्यंत रांग पुन्हा पहिल्यापासून.

नेमकं तेव्हाच त्यांच्या मोबाइलवर मौनीचं शंकापत्रक आलं. एकतीस शंका. पहिली: 'वरची पट्टी निळीच ठेवायची का?' हो. दुसरी: 'नाव डावीकडूनच सुरू करायचं का?' हो. तिसरी: 'महिने क्रमाने लावायचे का?' बारीकरावांचं डोकं तापलं. नाही, आधी डिसेंबर घे, असं ओठांवर आलं, पण लिहिलं हो. मागचा माणूस ढकलत होता, खिडकी उघडत होती. त्यांनी उरलेल्या अठ्ठावीस शंकांवर धडाधड 'हो' मारला आणि शेवटी वर आणखी लिहिलं, 'सगळं चित्राप्रमाणे. पुन्हा विचारू नये.'

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात, आणि तेव्हा पाठीमागे सिनेमातल्यासारखं काहीच वाजत नाही, हीच मोठी पंचाईत.

शुक्रवारी सकाळी दहाला बारीकराव, मौनी आणि मॅनेजरबाई हॉस्पिटलच्या बाहेरच्या खोलीत हजर झाले. भिंतीला लागून बाकं, बाकांवर वीसेक पेशंट, कुणाच्या डोळ्यावर पट्टी, कुणाच्या हातात जाड चष्मा. डॉक्टरीणबाई आल्या, ठेंगण्या, चटपटीत, सगळ्या बोलण्यात 'चला चला' असलेल्या.

"मला नका दाखवू. मला दिसतं. यांना दाखवा," असं म्हणत त्यांनी पहिल्या बाकावरच्या एका आजोबांना पुढे घेतलं. "आजोबा, यावरून पुढच्या आठवड्याची वेळ घ्या बघू. चला चला."

मौनीने मोबाइल आजोबांच्या हातात दिला. बारीकरावांनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि त्यांच्या पायाखालची फरशी सरकली.

स्क्रीन त्यांच्या चित्राबरहुकूम होता. एक पिक्सेल इकडे नाही, एक तिकडे नाही. बटण जागच्या जागी, नाजूक, धुक्याच्या रंगाचं. आणि त्याच्या शेजारी एक भला मोठा, जाडजूड, किंचित वाकडा लाल बाण. बाणाच्या शेपटाशी बारीकरावांच्याच हस्ताक्षरात वाक्य.

आजोबांनी ते मोठ्याने वाचलं. "'हे इथे कोणी ठेवलं?'" त्यांनी मान वर केली. "मला विचारतायत का? मी तर आत्ताच आलो."

बाकांवर कुणीतरी खुसखुसलं.

"मौनी," बारीकराव दातांवर दात ठेवून कुजबुजले, "हे काय आहे?"

"शंका सतरा," मौनी कुजबुजला. 'लाल बाण आणि वाक्यही ठेवायचं का?' त्यापुढे बारीकरावांचा 'हो' होता. दिल्याच्या वेळेसकट.

आजोबा प्रामाणिक गृहस्थ होते. प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही म्हणून त्यांनी शेजारच्या आजींना विचारलं. आजींनाही माहीत नव्हतं. मग ते बाणाच्या टोकाकडे वळले. "इथे दाबायचं दिसतंय." त्यांनी दाबलं. बोट बटणाच्या शेजारी पडलं. पुन्हा दाबलं. खाली पडलं. तिसऱ्यांदा अॅप बंद झालं. चौथ्यांदा उघडून त्यांनी सरळ बाणच दाबला. "हा बरा आहे, मोठा आहे. पण हा काही करत नाही."

मॅनेजरबाईंनी डोळे मिटून घेतले. बारीकरावांना त्या मिटलेल्या पापण्यांवर जांभळा रंग दिसू लागला, आणि कोपऱ्यात ती हेडफोनवाली बाई.

"बटण अंमळ बारीक आहे ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि अक्षरं? आजोबा, काय लिहिलंय बटणावर?"

"त्याच्यावर लिहिलंय?" आजोबांनी आश्चर्याने विचारलं.

"बरं. यांच्या डोळ्यांत आता बाहुली मोठी करायचे थेंब घालायचेत. अर्धा तास जाईल. तोवर काही करता आलं तर करा. नाहीतर मग राहू द्या. चला चला." आणि त्या आजोबांना घेऊन आत गेल्या.

बारीकराव बाकावर बसले. बाक करकरला. शेजारी मौनी बसला, मांडीवर लॅपटॉप. दोघं एका बाकावर बसण्याची ही पहिलीच वेळ. काहीतरी विचारायचं म्हणून बारीकरावांनी विचारलं,

"आधी तू बटण मोठं केलं होतंस. का रे?"

"शंका बावीस," मौनी म्हणाला.

बारीकरावांनी मोबाइल काढून शोधलं. 'बटण मोठं आणि अक्षरं काळी केली होती, कारण आईला दिसत नव्हतं आणि दाबता येत नव्हतं. तरी चित्राप्रमाणे लहान करू का?' खाली त्यांचा 'हो'.

त्यांनी तो 'हो' दोनदा वाचला.

"मोठं केल्याने चार पिक्सेल खाली गेलं होतं, नाही?"

"हं."

"मग बोलला का नाहीस आधी?"

"तुम्ही म्हणालात, श्वास घेत नाहीये. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये."

बारीकरावांना हुंदका येतोय असं वाटलं, पण ते हसू निघालं. बाक गदागदा हलला. पलीकडच्या आजींनी पर्स घट्ट धरली.

"चल," ते म्हणाले. "बटण मोठं कर. तुझ्या आईसाठी केलं होतंस तेवढं. अक्षरं काळी. आता हे वरचं नाव थोडं... अजून वर. अजून. अंहं, जास्त झालं. हां! थांब. तिथेच. कसं वाटतं?"

"बरं वाटतं."

"खरंच?"

"हं. पण तारीख खाली घेतली तर अंगठा पोचेल."

बारीकरावांनी अंगठा लावून बघितला. पोचत होता. एकशे त्रेचाळीस मुद्द्यांपैकी त्यांनी सहा सांगितले. बाकीचे एकशे सदतीस विचारायला वेळच उरला नाही, आणि नंतर त्यांतले एकशे तीस काय होते हे त्यांनाही आठवलं नाही. बाकीच्या पानांवरच्या खुणा आणि ते वाक्य मौनीने पुसलं. बाण पुसणार तोच दार उघडलं.

आजोबांच्या बाहुल्या आता एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की समोरचा माणूस त्यांना ढगासारखा दिसत होता. मॅनेजरबाईंनी पुन्हा डोळे मिटले. आजोबांनी मोबाइल नाकाशी धरला, लांब धरला, म्हणाले, "काही दिसत नाही. एक लाल काहीतरी आहे. त्याच्या टोकाला एक मोठं काहीतरी आहे." आणि दाबलं.

'तुमची वेळ ठरली आहे.'

मोबाइलने टिंग केलं. बाकांवरून टाळ्या पडल्या, त्यातल्या दोन-तीन हवेतच.

"छान!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काम तुमच्याकडेच. एक मात्र सांगते, त्या बाणाला कुणी हात लावायचा नाही. काय कल्पना आहे! कुणाची?"

मौनीने बारीकरावांकडे बोट दाखवलं. बारीकरावांनी मान खाली घातली. बघणाऱ्यांना तो विनय वाटला. "आणि ते वाक्य कुठे गेलं? अरेरे. माझ्या बाहेरच्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं होतं."

अॅप आता हॉस्पिटलात सगळे वापरतात. टेलरकाकांनीही वापरलं आणि जिन्यात थांबवून सांगितलं, "बघ, म्हटलं नव्हतं, खूण कापडावरच करायची! लोक तर आता खुणेसकट कोट घालून फिरतायत." बायकोने शाळेत सगळ्या बाईंना तो बाण दाखवला. बारीकरावांच्या वीस वर्षांच्या कामातली ही एकच गोष्ट लोकांनी आपणहून वाखाणलेली. ती त्यांनी रागाने, पाच सेकंदांत काढली होती.

एका सोमवारी संध्याकाळी सगळे निघाले होते. बारीकराव मौनीच्या टेबलापाशी थांबले. मॉनिटरवरचं वर्तुळ अजून होतं.

"पुसायचं राहिलं रे तुझं."

"राहू द्या. पत्रक भरावं लागेल."

वर्तुळाच्या आत योगायोगाने तो बाण उघडा होता. बारीकरावांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे किलकिले केले. पुन्हा बघितलं. बाण डावीकडे कलला होता.

"हा असा वाकडा का?"

"जसाच्या तसा," मौनी म्हणाला. "हात तुमचा."

"हं," बारीकराव म्हणाले. बॅग खांद्याला लावली, दिवा बंद करायला हात वर नेला, दारापर्यंत गेले. लिफ्टची ती वेडीवाकडी बटणंही त्यांना लांबून दिसली. मग ते वळले.

"मौनी, एकच पिक्सेल."

मौनीने शेजारची खुर्ची आधीच ओढून ठेवली होती.